भरलेला ट्रेलर पुन्हा पुन्हा डोलतो : दोष कुठे शोधावा आणि कसा दूर करावा

रिकामा ट्रेलर गाडीमागे अगदी सरळ चालतो. पण त्यात वाळू, विटा किंवा सिमेंटची पोती भरली की एका ठराविक वेगाच्या पुढे त्याचे शेपूट डावीउजवीकडे झोके घेऊ लागते, उतारावर हे झोके वाढत जातात, गाडीचा मागचा भागही त्यांच्याबरोबर ओढला जातो आणि वेग उतरवला की सगळे पुन्हा शांत होते. टायर बदलून पाहिले, हुक आवळून पाहिला, चाकांचे बेअरिंग तपासले, तरी पुढच्या खेपेला तोच अनुभव येतो. छोट्या ट्रेलरमधून बांधकामाचे साहित्य नेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार केव्हा ना केव्हा भेडसावते. ती पुन्हा पुन्हा उद्भवते याचे कारण असे की दोष बहुतेक वेळा ट्रेलरमध्ये नसून माल भरण्याच्या पद्धतीत असतो, आणि ती पद्धत आपण प्रत्येक खेपेला तशीच वापरत राहतो.

मी स्वतः फरशीची खोकी नेताना हा अनुभव तीन वेळा घेतला. पहिल्या वेळी वाऱ्याला दोष दिला, दुसऱ्या वेळी ट्रेलरचे दोन्ही टायर नवे घातले. तिसऱ्या वेळी लांब उतारावर झोके इतके वाढले की स्टिअरिंग हातात हलके लागू लागले. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला ट्रेलर थांबवून मागचा फाळका उघडला, तेव्हा लक्षात आले की सगळी खोकी फाळक्यापासून हाताच्या अंतरावर रचलेली होती आणि पुढचा अर्धा हौदा मोकळा होता. यात भरणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हता. फाळका मागे उघडतो, माल मागून चढतो आणि पंचवीस-तीस किलोचे खोके उचलणारा माणूस ते जिथे हात सहज पोहोचतो तिथेच ठेवतो. जड वस्तू मागे राहणे हा अशा ट्रेलरचा स्वभावच आहे. आपण मुद्दाम लक्ष घातले नाही तर प्रत्येक खेपेला तेच होणार.

बैलगाडी हाकणाऱ्यांना ही गोष्ट नीट माहीत होती. मागे जास्त भार पडून धुरा वर उचलली जाऊ लागली की ते गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणत आणि दोन पोती पुढे सरकवल्याशिवाय गाडी पुढे काढत नसत. मोटारीमागच्या ट्रेलरलाही उलाळ होते, फक्त ती दिसत नाही, कारण गाडीच्या हुकाचा गोळा ट्रेलरच्या दांडीला खाली धरून ठेवतो. बैल थांबून जे सांगत असे, ते मोटार ऐंशीच्या वेगाला पोहोचेपर्यंत सांगत नाही.

दांडीवर किती भार पडतो

एका ॲक्सलचा ट्रेलर हा तराजूसारखा असतो. ॲक्सलच्या पुढे ठेवलेले वजन दांडीला खाली दाबते आणि मागे ठेवलेले वजन तिला वर उचलते. दांडी गोळ्यावर जेवढे वजन टाकते, त्याला या लेखात दांडीभार म्हणू. हा भार पुरेसा असेल तर खड्ड्याने, वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या मालमोटारीने ट्रेलरला बाजूला ढकलले तरी तो दोन-चार झोक्यांत आपोआप रेषेवर येतो. दांडीभार कमी असेल तर झोके विरायला वेळ लागतो, वेग वाढेल तसा हा वेळ आणखी लांबतो आणि एका मर्यादेच्या पुढे झोके विरण्याऐवजी वाढू लागतात. म्हणूनच साठच्या वेगाला निर्दोष वाटणारा ट्रेलर पंच्याऐंशीच्या वेगाला अचानक बेभान होतो. मधल्या काळात त्यात काहीही बिघडलेले नसते.

किती दांडीभार हवा, याचे उत्तर गाडीवर अवलंबून आहे. अमेरिकी पद्धतीत भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार धरतात. युरोपीय पद्धतीच्या छोट्या गाड्यांत गोळ्यावरील भाराची कमाल मर्यादा बहुधा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते, त्यामुळे तिथे ५ ते ७ टक्क्यांवर काम भागवतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत, हुकावरच्या पट्टीवर आणि ट्रेलरच्या दांडीवर असे तीन आकडे सापडतील. त्यांतला सर्वांत लहान आकडा हीच आपली मर्यादा. त्या मर्यादेच्या आत राहून दांडीभार जेवढा जास्त ठेवता येईल तेवढा ठेवावा, असे माझे मत आहे. मर्यादा ओलांडू मात्र नये, कारण मग गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात, आणि वळणावर व ब्रेक लावताना त्यांची पकड कमी पडते.

एक उदाहरण आकड्यांनी पाहणे उपयोगाचे ठरेल. समजा, ट्रेलरचे रिकामे वजन १५० किलो आहे, रिकामा असताना दांडीभार १५ किलो आहे, गोळ्यापासून ॲक्सलचे अंतर २ मीटर आहे आणि आपण ६०० किलो माल भरला आहे. मालाचा मध्य ॲक्सलच्या २० सेंटिमीटर पुढे असेल तर तो दांडीवर ६०० गुणिले २० भागिले २००, म्हणजे ६० किलो भार टाकतो; मूळचे १५ धरून दांडीभार ७५ किलो, म्हणजे एकूण ७५० किलोंच्या बरोबर १० टक्के होतो. तोच माल केवळ ३० सेंटिमीटर मागे सरकला, म्हणजे त्याचा मध्य ॲक्सलच्या १० सेंटिमीटर मागे गेला, तर तो दांडीला ३० किलोंनी वर उचलतो आणि दांडीभार उणे १५ किलो होतो. ट्रेलर तोच, माल तोच, वजन तेच. एका फुटाच्या फरकाने आदर्श भरणीची उलाळ झाली. फरशीच्या खोक्यांची माझी रास तर त्याहूनही मागे होती.

दांडीभार मोजण्यासाठी वजनकाट्यावर जाण्याची गरज नाही. ट्रेलर सपाट जागेवर उभा करावा, चाकांना पुढून-मागून अटकाव लावावा आणि घरात माणसाचे वजन करायचा साधा काटा दांडीच्या टोकाखाली ठेवावा. काट्यावर एक भक्कम फळी आणि तिच्यावर लाकडी टेकू उभा करावा. टेकूची उंची अशी हवी की दांडीचे टोक गाडीच्या गोळ्याच्या उंचीवर येईल, कारण दांडी वर किंवा खाली झुकलेली असल्यास आकडा चुकतो. मग पुढचे छोटे चाक वर उचलून दांडी हळूच टेकूवर सोडावी, आकडा वाचावा आणि फळी व टेकू यांचे वजन त्यातून वजा करावे. भार काट्याच्या आवाक्याबाहेर जाईल असे वाटत असेल तर एक जाड फळी घेऊन तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर टेकवावे, दांडी न ठेवता काट्याचा आकडा टिपून ठेवावा आणि मग विटेपासून एक तृतीयांश अंतरावर दांडीचा टेकू ठेवावा. आता आकड्यात जी वाढ दिसेल तिची तिप्पट म्हणजे खरा दांडीभार. हे करायला पाच-सात मिनिटे लागतात. भरणी झाल्यावर ट्रेलर गाडीपासून सोडणे शक्य नसेल तर निदान गाडीच्या मागच्या बंपरची जमिनीपासूनची उंची भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर मोजावी. बंपर थोडासा खाली गेला असला पाहिजे. तो जागचा हलला नसेल किंवा वर गेला असेल तर तिथून निघूच नये.

केवळ दांडीभार बरोबर असणे मात्र पुरेसे नाही. चार पोती अगदी पुढच्या फळीला आणि चार पोती अगदी मागच्या फाळक्याला लावली तर तराजू समतोल दिसतो, काटाही योग्य आकडा दाखवतो, तरीही असा ट्रेलर डोलतो. दोन्ही टोकांना वजन असलेली काठी मध्ये धरून फिरवली की थांबवायला जड जाते, तसेच इथे होते. हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो : ॲक्सलपासून १ मीटरवर ठेवलेली ५० किलोची गोणी झोके वाढवण्याच्या बाबतीत अर्ध्या मीटरवर ठेवलेल्या २०० किलोंच्या बरोबरीची असते. त्यामुळे सर्वांत जड माल ॲक्सलच्या वर आणि किंचित पुढे, खालच्या थरात, डाव्याउजव्या बाजूंना सारखा, आणि हलका माल टोकांना, अशी रचना करावी. हौद्याच्या बाहेरच्या बाजूला ॲक्सलच्या रेषेत रंगाचा एक ठळक पट्टा ओढून ठेवावा. माल चढवणाऱ्याला ‘पट्ट्यापासून पुढे सुरुवात करा’ एवढे सांगितले की पुरते. त्याला हिशेब समजावत बसावे लागत नाही.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नये

डोलण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे जादा भार, आणि बांधकामाच्या साहित्यात डोळ्यांची फसगत इतर कोणत्याही मालापेक्षा जास्त होते. ट्रेलरचा हौदा घरसामान किंवा पालापाचोळा नेता येईल एवढा मोठा केलेला असतो. तो वाळूने काठोकाठ भरावा असे बनवणाऱ्याने गृहीत धरलेले नसते. २ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच हौद्यात ०.८४ घनमीटर माल मावतो. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १६०० किलो भरते, म्हणजे काठोकाठ भरल्यास १३४० किलोंच्या पुढे. आणि पावसात भिजलेली वाळू घनमीटरला १९०० ते २००० किलोंपर्यंत जाते. ६०० किलो क्षमतेच्या ट्रेलरला हा भार दुपटीहून अधिक झाला. त्याच ट्रेलरमध्ये कोरड्या वाळूचा थर सुमारे १५ सेंटिमीटर आणि ओल्या वाळूचा सुमारे १३ सेंटिमीटर, एवढाच नेता येतो. हौद्याच्या तळावर पसरलेला हा वीतभरही न भरणारा थर पाहून वाळू देणारा हमखास म्हणेल की अजून पुष्कळ जागा आहे. म्हणून हौद्याच्या आतल्या भिंतींवर रंगाने दोन आडव्या रेषा मारून ठेवाव्यात, एक कोरड्या वाळूची आणि एक ओल्या वाळूची, आणि फावडे रेषेवर थांबवावे.

इथे क्षमता म्हणजे ट्रेलरच्या पाटीवरच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा केल्यावर जे उरते ते. ट्रेलरला नंतर लावलेल्या जाळ्या, वाढवलेल्या बाजूच्या फळ्या, स्टेपनी हे सगळे रिकाम्या वजनात मिळवायला हवे. शिवाय गाडीची ओढण्याची मर्यादा वेगळी असते आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ती आणखी कमी असते. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक केव्हा सक्तीचा होतो, कोणता परवाना लागतो आणि वेगाची मर्यादा किती, हे नियम देशागणिक बदलतात. ते आपल्या नोंदणीच्या कागदांवरून आधी पाहून घ्यावेत.

इतर मालाचा हिशेब सोपा आहे. सिमेंटची पोती ५० किलोची असोत वा २५ किलोची, ती मोजता येतात. नेहमीच्या आकाराची भाजलेली वीट साधारण ३ किलोची असते, म्हणजे ६०० किलोंत दोनशे विटा. लोखंडी सळईचे मीटरमागे वजन काढण्यासाठी मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागावे : १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो आणि १२ मीटर लांबीची एक सळई सुमारे १०.७ किलो भरते. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला जवळपास ५४ किलो भरतो. चार-पाच मोठे तुकडे घेतले की छोट्या ट्रेलरची क्षमता कधी संपली ते कळतही नाही. शंका असेल तर दोन खेपा कराव्यात. एका खेपेचे इंधन वाचवण्यासाठी घेतलेला जादा भार टायर, ॲक्सल आणि ब्रेक यांच्या आयुष्यातून दामदुपटीने वसूल होतो, आणि तो अपघातात वसूल झाला तर ती किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणालाही मोजावी लागते.

निघताना बरोबर असलेला माल वाटेत सरकतो

काही जण सांगतात की भरताना सगळे मोजून घेतले होते, निघाल्यावर अर्धा तास ट्रेलर ठीक चालला आणि मग डोलू लागला. अशा वेळी माल वाटेत सरकला आहे असे समजावे. जड आहे म्हणून माल जागचा हलणार नाही, ही समजूत अत्यंत धोकादायक आहे. जोराच्या ब्रेकला माल त्याच्या वजनाच्या सुमारे ०.८ पट जोराने पुढे आणि वळणावर किंवा गाडी झटक्याने निघताना सुमारे ०.५ पट जोराने बाजूला किंवा मागे जाऊ पाहतो, असे मालबांधणीच्या युरोपीय मानकात धरले आहे. लाकूड आणि पत्रा यांच्यातील घर्षण वजनाच्या ०.२ ते ०.४ पट एवढेच असते, आणि मध्ये वाळूचे कण किंवा पाणी असेल तर त्याहूनही कमी. माल कितीही जड असला तरी हे गुणोत्तर बदलत नाही. म्हणजे वजन स्वतःच स्वतःला धरून ठेवू शकत नाही.

३०० किलोंची विटांची रास घेऊ. ब्रेक लावताना तिला पुढे ढकलणारा जोर २४० किलोंचा, घर्षण ०.३ धरल्यास त्यातून मिळणारा रोध ९० किलोंचा, म्हणजे १५० किलोंची तूट राहते. वरून आडवा टाकलेला रॅचेट पट्टा, म्हणजे दातेरी कळीने आवळायचा पट्टा, दोन्ही बाजूंना २५० किलोंनी ताणला तर राशीवर ५०० किलोंचा दाब येतो आणि त्याच्या ०.३ पट, म्हणजे नेमके १५० किलो रोध वाढतो. एका पट्ट्याने हिशेब जेमतेम जुळतो, तोही पट्टा जवळजवळ उभा उतरत असेल तरच. पट्ट्याचा तळाशी केलेला कोन ३० अंशांवर आला तर त्याचा दाब निम्मा होतो, आणि रॅचेट ज्या बाजूला असते तिच्या विरुद्ध बाजूला ताण नेहमीच कमी पोहोचतो. राशीवर दोन पट्टे टाकावेत हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रास पुढच्या भक्कम फळीला टेकलेली असावी, किंवा ती ॲक्सलजवळ ठेवायची असल्यामुळे पुढे मोकळी जागा राहत असेल तर त्या जागेत लाकडी ठोकळे आडवे भरून ती रोखलेली असावी. तळाशी रबरी चटई अंथरल्यास घर्षण ०.६ च्या आसपास जाते आणि पट्ट्यांचे निम्मे काम चटईच करते. एवढ्या साध्या वस्तूचा एवढा उपयोग होत असताना ती फारच थोड्या ट्रेलरांत दिसते, याची मला खंत वाटते.

पट्टे बांधल्यावर पाच-दहा किलोमीटरवर थांबून ते पुन्हा आवळणे हा बांधणीचाच भाग आहे. गोण्या हादऱ्यांनी बसतात, त्यांच्यातली हवा निघून जाते, रास दोन-तीन सेंटिमीटर खाली येते आणि करकचून ताणलेला पट्टा हातात सैल लागतो. पट्ट्याच्या शिवणीतले धागे उसवलेले असतील, कडेला काप असेल किंवा क्षमतेचे लेबलच नाहीसे झाले असेल तर तो पट्टा वापरू नये. विटेच्या आणि फरशीच्या धारदार कडांवर जुन्या टायरचा तुकडा किंवा पुठ्ठ्याची घडी द्यावी.

वाळू आणि खडी यांना पट्टा लागत नाही, पण त्या चढावर मागे घसरतात. वाळू नेताना ॲक्सलच्या थोडे मागे आडवी फळी घट्ट बसवून हौद्याचे दोन भाग करावेत आणि पुढच्या भागातच वाळू भरावी. नुसता ढीग पुढे लोटून ठेवला तर तो पहिल्या मोठ्या चढावर पसरून मागे येतो. वरून ताडपत्री सर्व बाजूंनी बांधावी, कारण उडालेला खडीचा एक दाणा मागच्या दुचाकीस्वारासाठी जीवघेणा ठरू शकतो.

लोखंडी सळ्यांच्या बाबतीत एक बारकावा अनुभवाशिवाय लक्षात येत नाही. भाऱ्यावरून पट्टा नुसता आडवा टाकला तर तो बाहेरच्या सळ्या दाबतो; मधल्या सळ्यांना कुणीच धरलेले नसते, आणि ब्रेक लागताच त्या नळीतून निघाव्यात तशा सरळ पुढे सुटतात. पुढे गाडीची मागची काच असते. म्हणून भाऱ्याला निदान दोन ठिकाणी पट्ट्याचे पूर्ण वेढे देऊन फास आवळावा, तो भारा वेगळ्या पट्ट्यांनी ट्रेलरला बांधावा आणि सळ्यांच्या पुढच्या टोकांना जाड फळी किंवा लोखंडी पट्टी आडवी येईल अशी व्यवस्था करावी. छोट्या ट्रेलरवर १२ मीटरच्या सळ्या सरळ नेण्याचा प्रयत्नच करू नये. विक्रेत्याकडून त्या हव्या त्या मापात कापून घ्याव्यात. कापलेल्या सळ्याही मागे बाहेर येत असतील तर टोकाला लाल कापड आणि रात्री लाल दिवा हवा, आणि किती लांबी बाहेर चालते ते तिथल्या नियमांप्रमाणे पाहावे.

प्लायवुडच्या मोठ्या पाट्यांचा धोका वेगळा आहे. ८० किलोमीटरच्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ३० किलो असतो. आठ बाय चार फुटांच्या पाटीचे क्षेत्रफळ जवळपास ३ चौरस मीटर आहे. तिची पुढची कड किंचित उचलली गेली आणि हवा खाली शिरली तर तिला वर लोटणारा जोर ९० किलोंच्या घरात जाऊ शकतो, तर पाटीचे स्वतःचे वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. पाट्यांचा एक पट्टा अगदी पुढच्या कडेपाशी हवा, आणि ती कड पुढच्या फळीच्या आडोशाला, तिच्या उंचीच्या खाली असावी.

फरशीची खोकी आडवी रचू नयेत. ती कडेवर उभी, एकमेकांना चिकटवून ठेवावीत, कारण आडव्या राशीत खड्ड्याचा सगळा मार खालच्या खोक्यांना बसतो. ग्रॅनाइटचे तुकडेही उभेच, तिरक्या चौकटीला टेकवून आणि दोन्ही बाजूंनी बांधून न्यावेत.

एवढे करूनही ट्रेलर डोलत असेल तर

भरणी आणि बांधणी योग्य असूनही झोके कायम असतील तरच ट्रेलरच्या यंत्रणेकडे वळावे. सुरुवात हवेपासून करावी. ट्रेलरच्या टायरमधील हवा थंड असताना, ट्रेलर बनवणाऱ्याने पूर्ण भारासाठी सांगितलेल्या आकड्याला मोजावी, आणि गाडीच्या मागच्या चाकांतही ओढताना जेवढी सांगितली असेल तेवढी भरावी. कमी हवेचा टायर बाजूला लवतो, तापतो आणि फुटतो. टायरच्या बाजूवर भारनिर्देशांक छापलेला असतो : ७५ म्हणजे ३८७ किलो, ८० म्हणजे ४५० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो, दोन टायरांची बेरीज ट्रेलरच्या कमाल एकूण वजनापेक्षा कमी असता कामा नये. त्याच बाजूवर चार अंकांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभाच असल्यामुळे त्याचे टायर झिजत नाहीत, उन्हाने भेगाळतात. नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून फसू नये.

त्यानंतर चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवून पाहावे. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल आहे. दांडी गाडीला जोडल्यावर ट्रेलर समपातळीत किंवा पुढे किंचित झुकलेला असावा. पुढचे टोक वर राहिले तर मालाचा भार मागे ढळतो आणि आपण मोजलेला दांडीभार खोटा ठरतो. गोळ्याचे आणि कप्लिंगचे, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या दांडीच्या टोकाच्या पकडीचे, माप एकच हवे. ५० मिलिमीटरसाठी असलेले कप्लिंग त्याहून लहान गोळ्यावर वरवर बसते आणि खड्ड्यात निसटते. कप्लिंग बंद केल्यावर पुढचे चाक फिरवून दांडी वर उचलावी. गाडीची मागची बाजूही तिच्याबरोबर उचलली गेली तरच ते खरे बसले आहे. सुरक्षा साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे दांडी सुटलीच तर ती रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत पडते.

चालवताना झोके सुरू झालेच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. झोक्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवून तो मोडण्याचा प्रयत्न करू नये, कारण आपला हात नेहमीच अर्धा झोका उशिरा पोहोचतो आणि पुढच्या झोक्याला बळ देतो. वेग वाढवून ट्रेलर ‘ताणून’ सरळ करावा, असा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो पाळू नये, कारण ज्या वेगाने झोके सुरू झाले त्याच्याही पुढे आपण जातो. गाडीचा ब्रेक जोराने दाबू नये. ट्रेलरला वेगळा विद्युत ब्रेक असून त्याची कळ चालकाच्या हाताशी असेल तर तेवढाच हलकेच लावावा. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर टाकलेला असावा. ट्रेलर शांत झाला म्हणून तसेच पुढे जाऊ नये. सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि माल पुढे घ्यावा.

माल उतरवतानाही काळजी सुटू नये. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच तो रिकामा करावा आणि आधी मागचा माल काढावा. पुढची पोती आधी उचलली, किंवा दोन माणसे मागच्या फाळक्यावर चढली, की ॲक्सलमागचा भार वरचढ होतो; त्या क्षणी दांडी सोडलेली असेल तर ती खालून सुटून वर येते आणि तिच्यावर वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर आदळते. जोडलेला ट्रेलर सोडणे भागच असेल तर हौद्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू लावावेत, चाकांना अटकाव घालावा, आणि त्यानंतरच कप्लिंगची कळ उचलावी, तीही दांडीच्या वर न वाकता, बाजूला उभे राहून.